उत्तरेचा उजेड

उजेडकाकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट ट्यूबलाइटखाली मान्य केली नाही. साडी असो, कोथिंबीर असो, शाळेचं प्रगतिपुस्तक असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी उजेडात आण." उजेड म्हणजे उत्तरेच्या खिडकीतला, सकाळचा, ज्यात ऊन नाही असा. बाकी सगळा उजेड त्यांच्या लेखी अफवा होता. मी दहावी पास झाले तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पेढा उचलला, खिडकी गाठली, पेढा फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "केशर नाही, नुसता रंग आहे." मग तो खाल्ला आणि दुसरा मागितला.

आम्ही सुलतान बाजारच्या मागे, जामबागच्या अंगाला एका इमारतीत राहत होतो. आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. काका मूळचे परभणीकडचे. त्यांचे वडील जमिनीला कंटाळून हैदराबादला आले आणि सुलतान बाजारात खडे पारखायला शिकले. ती विद्या काकांनी उचलली आणि वर स्वतःचा अहंकार घातला. गिरधारीशेठच्या सराफी दुकानात मागच्या खोलीतल्या खिडकीशी ते बसत. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. पोस्टमनसुद्धा "उजेडवाले पंतुलु उन्नारा?" असं, म्हणजे पंत आहेत का, असं तेलुगूत विचारत जिना चढायचा आणि काकू आतून "उन्नारु, उन्नारु" म्हणायच्या.

काका नेहमी पांढरा शर्ट घालत. रंगीत कपड्याचा रंग खड्यात उतरतो, म्हणून पारख्याच्या अंगावर पांढऱ्याखेरीज काही चालत नाही, हा त्यांचा नियम होता. तो नियम ते स्वतःपुरता ठेवते तर आमची हरकत नव्हती. पण हातात खडा असताना जवळ कुणी रंगीत कपड्यात आलं की ते मान न वळवता म्हणत, "रंग पडतोय. जरा मागे सर." काकूंना लाल रंगाची भारी हौस होती. त्यामुळे त्यांचा संसार बराचसा मागे सरूनच झाला. दुकानात तर त्यांनी एका मोठ्या साहेबांच्या बायकोला जांभळ्या शालूसकट भिंतीला लावून उभं केलं होतं. गिरधारीशेठ कळवळून म्हणाले, "काका, गिराक को ऐसा बोलते क्या? उनो दुबारा आते नै."

"नै आए तो नै आए," काका म्हणाले. "जांभळ्यात नीलम बघायचा म्हणजे कांदा तोंडात धरून खीर चाखायची."

लोकांना नीलम म्हणजे निळा एवढंच ठाऊक असतं. काका सांगत की दगड एकच, रंग वेगळे. पिवळा निघाला की त्याला पुष्कराज म्हणायचं. गुलाबी, हिरवा, जांभळा, नारिंगीसुद्धा निघतो, एका आईची लेकरं जशी. पण नुसतं "पिवळा" म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते तीन प्रश्न विचारत. रंग कोणता, किती, आणि त्यात मळ किती. मग उत्तरही स्वतःच देत. एखादा पुष्कराज लिंबाच्या सालीचा, एखादा हळदीच्या दुधाचा, एखादा कालच्या पिठल्याचा. निळ्यात सगळ्यात वरचा मान गोकर्णाच्या फुलाला, त्याखाली जवसाचं फूल, आणि सगळ्यात खाली "शाळेच्या शाईची दौत". हीच मापं ते माणसांना लावत. आमच्या मकानदारांबद्दल म्हणत, "रंग आहे, पण मळ फार." माझ्या वडिलांबद्दल म्हणत, "स्वच्छ आहेत, पण रंग कमी." वडिलांना हे कळलं तेव्हा ते आठवडाभर त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलत होते, रंग वाढवण्यासाठी.

खडा कसा कापलाय, हे पाहण्याची त्यांची रीत आणखी सोपी होती. खडा ते वर्तमानपत्रावर ठेवत. कापणाऱ्यानं तो उथळ कापला असेल तर मधून खालची अक्षरं दिसतात, उजेड परत फिरतच नाही. "याच्यातून बातमी वाचता येते," असा शेरा आला की तो खडा बाद. रुपया घसरल्याची आणि बाजार खुला झाल्याची बातमी काकांनी अशीच एका उथळ पुष्कराजातून वाचली होती, आणि तेव्हापासून दोन्हींबद्दल त्यांचं मत वाईट झालं. उलट काही खडे वजन राखायला खालून जाड ठेवलेले असतात. अंगठीत बसवले की ते पोट वरून दिसत नाही. काका खडा आडवा धरून ते पोट सगळ्यांना दाखवत आणि शेठकडे पाहत म्हणत, "हे पोट दगडाचं नाही, व्यापाऱ्याचं." शेठचं पोटही लहान नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला पटायचं.

बाजार खुला झाला आणि गिऱ्हाइकं बदलली. पूर्वी लग्नघरची माणसं यायची, आता कॉम्प्युटरवाली मुलं यायला लागली. कुणाला तरी टीव्हीवरच्या ज्योतिषानं सांगितलेलं असायचं की नीलम घातला की शनी वळतो आणि व्हिसा मिळतो. एका पोरानं तर विचारलं, "अंकल, एच-वन के लिए कितना डार्क होना?" काकांनी हातातला खडा पुडीत बांधून ठेवला. मग म्हणाले, "बेटा, शनी को रंग नै समझता. मेरे को समझता." पोरगा समोरच्या दुकानात गेला. तिथं त्याला शनीचं मत माहीत असलेला माणूस भेटला, खडा मिळाला, आणि पुढे व्हिसाही मिळाला. हा त्या समोरच्याचा विजय काकांना फार दिवस लागून राहिला होता.

मग शेठनीही दुकान नवं केलं. काच आली, एसी आला, छतातून पिवळेजर्द दिवे लोंबू लागले आणि मागची खिडकी प्लायवूडखाली गेली. त्या दिव्यांत पुष्कराज असा पेटायचा की पितळेची बुचंसुद्धा विकली गेली असती. काकांनी त्या दिव्यांखाली एकही खडा पाहायला नकार दिला. त्यामुळे रोज सकाळी एक मिरवणूक निघायची. पुढे पांढऱ्या कागदाची घडी हातात घेतलेले काका, मागे शेठ, त्यांच्यामागे गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाची बायको आणि शेवटी बंदूकवाला दरवान. सगळे मागच्या जिन्यावर जात, कारण उत्तरेचा उजेड तेवढाच उरला होता. तिथं एक मिरची भजीवाला उभा असायचा. बघून बघून त्यालाही मत फुटलं होतं. "काका, आज का माल जरा फिक्का दिखरा," असं तो तळता तळता सांगायचा, आणि गिऱ्हाईक शेठपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवायचं.

याच सुमारास काकांनी नवीन तक्रार सुरू केली. निळा रंग बिघडला होता. "पूर्वीचा निळा राहिला नाही," ते म्हणत. "जो खडा उचलावा तो हिरवट. बाहेरचा माल आला आणि निळ्यात भेसळ झाली." आधी हे खड्यांपुरतं होतं. मग हुसेनसागर हिरवट झाला, मग आकाश मळकट झालं, मग आमच्या जिन्याचा नवा निळा रंगही त्यांना शेवाळी दिसायला लागला. सगळ्याचं खापर नव्या धोरणावर. संध्याकाळी आमच्याकडे चहाला बसले की ते देशाच्या रंगाबद्दल बोलत आणि वडील मान डोलवत, कारण वडिलांनाही ते धोरण आवडलं नव्हतं आणि निराळं कारण शोधायचा त्यांना कंटाळा होता.

शर्टांचंही तेच झालं. पांढरे शर्ट पिवळे पडतात, साबणात दम नाही, अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. काकू धुतलेल्या शर्टांना नीळ देत, ती काकांना कमी वाटे. "अजून घाल," ते म्हणत. काकू अजून घालत. हळूहळू ते शर्ट आभाळी झाले आणि शेवटी चांगले निळे झाले. काका निळा शर्ट घालून, "पारख्याच्या अंगावर फक्त पांढरं हवं," असं गिऱ्हाइकांना बजावत असायचे. शेठला वाटलं, म्हातारपणी हौस आली असेल. भजीवाल्यानं एकदा "काका, शर्ट मस्त है, कलर मस्त है," अशी दाद दिली. काकांनी ते "कॉलर" असं ऐकलं आणि त्यांना तो शिलाईचा विषय वाटला.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग सुनंदाचं लग्न आलं. सुनंदा त्यांची एकुलती एक, माझी बालमैत्रीण. आबिड्सच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची. पुण्याहून नोकरीसाठी आलेला माधव तिथं संध्याकाळी शिकवायला यायचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि घरी सांगितलंही होतं. काकांनी माधवला एका रविवारी सकाळी बोलावून खिडकीत बसवून पाहिलं होतं. "स्वच्छ आहे, आणि रंगही आहे," असा निकाल आला, तेव्हा सुनंदा माझ्या गळ्यात पडून रडली होती. आता फक्त त्याच्या आईनं येऊन बोलणी करायची बाकी होती.

माधवच्या आई पुण्याहून आल्या आणि माधवला घेऊन घरी आल्या. मोरपिशी साडी, ताठ पाठ, मोजकं बोलणं. मी पोहे द्यायला तिथंच होते. त्यांनी पर्समधून मखमली डबी काढली. "माझ्या सासूबाईंची अंगठी," त्या म्हणाल्या. "नीलम सगळ्यांना लाभत नाही म्हणतात, पण आमच्या घराला लाभलाय. सुनंदाच्या बोटात घालावी असं मनात आहे."

काकांनी हात पुढे केला. सुनंदानं आईकडे पाहिलं आणि काकूंनी देवाकडे. काका अंगठी घेऊन खिडकीशी गेले. माधवच्या आई कौतुकानं मागोमाग गेल्या, तर ते म्हणाले, "बाई, जरा मागे सरता का? रंग पडतोय." त्या सरल्या. असं त्यांना कुणी पूर्वी सांगितलं असेल असं वाटलं नाही. काकांनी खडा समोरून पाहिला, बाजूनं पाहिला, कागदाच्या घडीत धरून पाहिला. पोहे निवत चालले होते.

"हिरवट आहे," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"रंगात हिरवा आहे. शिवाय मळ आहे. आणि वजनासाठी पोट ठेवलंय."

"काका, ती आजीची आठवण आहे," माधव हळूच म्हणाला.

"आठवण चांगलीच असणार. मी खड्याबद्दल बोलतोय."

माधवच्या आईंनी अंगठी परत घेतली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं. "आमच्या घरात आजवर कुणी हिरवट काही दिलेलं नाही," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. पोह्यांना हात लावला नव्हता. त्या रात्रीच्या गाडीनं त्या पुण्याला गेल्या आणि ही सोयरीक आपल्याला नको, असा निरोप आला.

ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "बाबा, त्या तुम्हाला दगड विकायला आल्या नव्हत्या."

"म्हणून मी खोटं बोलू? तुझ्या बोटात हिरवट खडा घालू देऊ?"

"हो," सुनंदा म्हणाली. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढलंय, पाणी आलंय, एवढंच. माधव दुसरीकडे लग्न करायला तयार नव्हता आणि सुनंदाही नव्हती, पण आईला दुखवून करायचं नाही यावर दोघांचं एकमत. त्याच्या आईला अपमान विसरता येत नव्हता, आणि काकांना हिरवा रंग. दोन्ही घरांत हे असंच थांबून राहिलं. काका उगाच मोठ्या आवाजात बाजारभाव वाचत बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि राग जास्त यायचा.

दुकानातही त्यांचं बिनसत चाललं होतं. एकदा त्यांनी चांगल्या निळ्या खड्यांची अख्खी पुडी "हिरवट" म्हणून परत पाठवली. ती समोरच्यानं घेतली आणि गोकर्ण म्हणून विकली. शेठ हात जोडून म्हणाले, "काका, अब मशीन का सर्टिफिकेट आता. आप आराम करो." काका त्या दिवशी दुपारीच घरी आले. जिन्यात पायरी चुकून पडता पडता वाचले. सुनंदानं ते पाहिलं. तिनं चप्पल घातली, रिक्षा थांबवली आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, जुने, पिकलेले. डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या, त्यांनी सुनंदाला समजावून सांगितलं की डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं, आणि ज्याचं होतं त्यालाच ते कळत नाही. हे सुनंदानं काकांना सांगितलं नाही. "सांगून त्यांनी ऐकलं असतं का?" ती मला म्हणाली. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, डावा नंतर.

पट्टी काढून काळा चष्मा लावून काका घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांनी नको सांगितलेलं असतानाही, चष्मा काढून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी दूध द्यायला गेले होते. ते स्वतःच्या बाहीकडे पाहत होते.

"हा शर्ट कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच," सुनंदा म्हणाली.

"निळा आहे."

"बरीच वर्षं निळाच आहे, बाबा."

काकांनी उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं शर्ट पाहिला. मग डावा मिटला आणि उजव्यानं पाहिला. मग खिडकीबाहेर आकाश पाहिलं, एकदा या डोळ्यानं, एकदा त्या. असं पुष्कळ वेळ चाललं. आम्ही कुणी हसलो नाही. शेवटी ते खाली बसले आणि म्हणाले, "ती अंगठी कुठे आहे?"

माधवच्या आई तोवर अमीरपेटला मुलाकडेच राहायला आल्या होत्या. काका म्हणाले, आजच जायचं. डावा डोळा झाल्यावर जाऊ, असं काकू म्हणाल्या, तर म्हणाले, "नाही. एक जुना डोळा, एक नवा. दोन्ही साक्षीदार लागतील." सुनंदा, मी आणि काका रिक्षानं गेलो. दार माधवच्या आईंनीच उघडलं. त्यांच्या अंगावर गडद निळी साडी होती. काकांनी काळा चष्मा काढून नमस्कार केला आणि विचारलं, "तुमच्याकडे उत्तर कुठल्या बाजूला आहे?"

बाल्कनी उत्तरेला होती. अंगठी मागितल्यावर त्या आत जाऊन डबी घेऊन आल्या आणि मागच्या वेळच्या आठवणीनं लांबच उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "या, जवळ या. तुम्ही जवळ असायला हवं." त्या आल्या. काकांनी एक डोळा मिटून खडा पाहिला, मग दुसरा मिटून.

"जवसाचं फूल आहे," ते म्हणाले. "गोकर्ण नाही म्हणणार, पण जवसाचं आहे. हिरवा माझ्या डोळ्यात होता. तुमच्या घराला मी नाव ठेवलं, ते चुकलं माझं."

माधवच्या आईंनी पदर डोळ्यांना लावला. सगळं छान झालं होतं, तेवढ्यात काका म्हणाले, "पोट मात्र आहे."

सुनंदानं डोळे मिटून घेतले. माधवच्या आईंनी अंगठी हातात घेतली, आडवी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "आहे खरं. सासूबाईंनाही होतं." मग त्या आत जाऊन पोहे करायला लागल्या, आणि काकांनी पहिल्यांदाच कुणालाही न विचारता विहीणबाई म्हणून हाक मारली.

लग्न झालं. शेठनी पिवळे दिवे काही काढले नाहीत आणि काकांना परत बोलावलंही नाही. मशीन चुकत नव्हतं आणि गिऱ्हाइकाला मागेही सरकवत नव्हतं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन काका पुढे ढकलत राहिले. विचारलं की म्हणत, "राहू दे एक जुना. पूर्वी काय दिसायचं ते विसरायला नको." पुढे एखाद्या गोष्टीला नावं ठेवायच्या आधी ते डावा डोळा मिटून घेत. देश मात्र त्यांना उजव्या डोळ्यानंही फारसा बरा दिसला नाही, पण ते आता कारणं निराळी देत.

काका गेले तेव्हा मी दुसऱ्या गावी होते. महिन्याभरानं भेटायला गेले. काकूंनी त्यांचे कपडे वाटून टाकले होते, एक निळा शर्ट तेवढा कपाटात ठेवला होता. तो दाखवताना त्या हसल्या. मी विचारलं, "काकू, एवढी वर्षं तुम्ही नीळ घालत होतात. तुम्हाला तर दिसत होतं. सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं गं," काकू म्हणाल्या. "पहिल्या वर्षीच. ते खिडकीत खडा बघत होते. मी म्हटलं, अहो, शर्ट निळा झालाय. तर म्हणाले, तुझ्या साडीचा रंग पडतोय, जरा मागे सर." त्यांनी शर्टाची घडी केली. "मी सरले."

बोलता बोलता त्या खिडकीशी गेल्या होत्या, अगदी गजांना टेकून. सकाळ होती, ऊन नव्हतं. त्यांच्या अंगावर लाल साडी होती आणि तिचा रंग पांढऱ्या भिंतीवर पडला होता. मागे सर म्हणणारं आता घरात कुणी नव्हतं, आणि ते नसणं काकूंना मुळीच आवडलेलं नव्हतं.